अस्वल, मुद्देमालासकट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे मधे हसलात तर मी सांगायचं थांबवीन.

माझी अशी काही फजिती झाली की लेस्टरमधल्या निम्म्या मराठी घरांत ती पोचली आहे. पोचवली आमच्या हिनं. पण ती सांगते त्यात मी रडलो असं येतं. मी रडलो नाही. इथल्या वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येतं, सगळ्यांच्याच येतं. म्हणून म्हटलं, खरा प्रकार काय तो माझ्याकडून ऐका. चहा घ्या. साखर कमी आहे. सूनबाई नर्स आहे.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे सूतगिरणीच्या गेटवर लागलो आणि गेटवरूनच रिटायर झालो. गेटवर काम काय? पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती. डबा उघड, पिशवी झटक, हात वर कर. कुणी सुताचा कोन, म्हणजे सुताचं मोठं रीळ, धोतरात लपवायचा, कुणी डब्यात भाजीखाली. एकानं तर पोटालाच सूत गुंडाळलं होतं. सकाळी वाळका यायचा, संध्याकाळी ढेरी घेऊन जायचा! पकडला. मॅनेजर साहेबसुद्धा माझ्यासमोर आपण होऊन बॅग उघडायचे.

आणि पकडलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा. "साहेबांनी दिलंय." प्रत्येक जण! हे लक्षात ठेवा.

सूनबाईला, म्हणजे अश्विनीला, इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली. तिच्यामागे महेश आला, आमचा मुलगा. तो एका गोदामात पॅकिंगचं बघतो. नात ईरा पाच वर्षांची, नातू अजून दुपट्यात. दोघांच्या ड्युट्या उलट्यासुलट्या. पोरांना बघणार कोण? म्हणून मी आणि ही, दोघं आलो. हिच्याकडे स्वयंपाक आणि बाळ. माझ्याकडे ईराला शाळेतून आणणं. म्हणजे परत गेटवरच ड्युटी. मला आवडलं.

आता खरी गोष्ट. ईरा घरात अशी बोलते की रेडिओ बंद करावा लागतो. आणि शाळेत? एक शब्द नाही! शाळेत घातल्यापासून तोंड उघडलं नव्हतं. इंग्रजी तिला कळत होतं. टीव्हीसमोर बसून एकटीच फाडफाड बोलायची. पण शाळेचं दार ओलांडलं की तोंडाला कुलूप. शाळेतल्या बाईंना इथे मिस म्हणतात. त्या मिस चांगल्या होत्या, पण त्याही काळजीत पडल्या होत्या.

एका रविवारी जेवताना सूनबाई महेशला म्हणाली, "आपण आपल्या करिअरसाठी आलो आणि पोरीची वाचा घालवून बसलो. समर हॉलिडेपर्यंत बघू. नाहीच बोलली तर मी रिझाइन करते. परत जाऊ."

महेश म्हणाला, "बघू."

मी भात कालवत राहिलो. पण मनाशी ठरवलं. ही चौघं हरून परत जाणार नाहीत. मी या देशात आहे तोवर तरी नाही.

तर, तो शुक्रवार.

शाळा सुटली. इथे मिस दारात उभ्या राहतात आणि एकेक पोर ज्याच्या त्याच्या माणसाच्या हातात देतात. पद्धत चोख आहे, मला मान्य आहे. ईराची पाळी आली. त्या दिवशी मिस मला बघून हसल्या आणि बोलायला लागल्या. बरंच बोलल्या. हातवारे केले. ईराच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

मला काय कळलं? काही नाही. पण तीन-चार आयाबाया मागे उभ्या. त्यांच्यासमोर "नो इंग्लिश" म्हणायचं? माझ्या वयाच्या माणसानं? मी ताठ उभा राहिलो, मान हलवली आणि म्हणालो, "येस. येस. थँक्यू."

मिस खूश झाल्या. मीही खूश झालो.

रस्त्याला लागलो तेव्हा बघितलं, ईराच्या खांद्यावर तिचं दप्तर होतं आणि शिवाय पोटाशी एक दुसरी पिशवी. निळी, कापडी. दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

आता तुम्ही गेटवर आयुष्य काढलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. माणूस आपली पिशवी अशी धरत नाही. अशी पिशवी दुसऱ्याच्या मालाचीच धरतो.

"ईरा, थांब. त्या पिशवीत काय आहे?"

"टोबी!"

"उघड."

उघडली. आत अस्वल! कापसाचं, तपकिरी, अंगात लाल बंडी, एक कान झिजलेला. म्हणजे वापरातलं. म्हणजे कुणाचं तरी. मी पिशवीत हात घातला. अस्वलाचा पायजमा निघाला. अस्वलाची चादर निघाली. छोटा दात घासायचा ब्रश निघाला! मी थक्क. अहो, कुणी पेन्सिल उचलतं, कुणी खोडरबर उचलतं. हिनं कुणाचा अख्खा संसार उचलून आणला होता!

"कुठून आणलंस?"

"मिसनी दिलं."

साहेबांनी दिलंय! ऐकलंत? पाच वर्षांची पोर, आणि वाक्य तेच!

"मिस कशाला देतील?"

"आज माझा नंबर आहे ना, आजोबा."

"कसला नंबर?"

"टोबीला घरी न्यायचा."

शाळेतली वस्तू मास्तर पोरांना घरी न्यायला देतात, असं कुठे असतं का? आमच्या शाळेत खडूचा तुकडा खिशात सापडला तर छडी बसायची. आणि एक गोष्ट अजून. आदल्याच आठवड्यात ईराच्या मोज्यात एक चमचमता लोकरी गोंडा सापडला होता. तेव्हाही हेच, "मिसनी दिला." सूनबाईनं शाळेत विचारलं तर मिसनी दिलाच नव्हता. म्हणजे आरोपी आधी सापडलेला. मला शंका उरली नाही.

"चल परत."

"नको ना, आजोबा!"

"आपल्या घरात चोरीचा माल येत नाही. चल."

शाळेपाशी आलो तर गेट बंद. आणि गेटवर कोण? कुणी नाही! भिंतीवर एक डबा. त्यावर बटण. माणसाच्या जागी डबा ठेवतात आणि म्हणे पुढारलेला देश! मी बटण दाबलं. डबा इंग्रजीत बोलला. मी त्याला मराठीत सगळं सांगितलं, मग हिंदीत सांगितलं. डब्यानं ऐकून घेतलं, मग खट्ट आवाज केला आणि गप्प झाला.

मला वाटलं, तोंडावर फोन आपटला. पुढे महेशनं सांगितलं की तो खट्ट आवाज म्हणजे गेट उघडलं होतं. ढकलायचं होतं. तेवढं ढकललं असतं तर तुम्ही आज नुसताच चहा पिऊन गेला असता.

आम्ही वळलो. तेवढ्यात समोरच्या फुटपाथवरून आरोळी आली, "टोबी! टोबी!"

एक लाल केसांचा मुलगा धावत आला आणि त्यानं अस्वलाला मिठीच मारली. नाव घेऊन! लेकरू बापाला मारतं तशी मिठी. मागून त्याची आई बाबागाडी ढकलत आली.

मालक सापडला! अजून काय पुरावा पाहिजे?

मी लगेच अस्वल त्या मुलाच्या हातात दिलं. पायजमा दिला, चादर दिली, ब्रश दिला. पिशवी झटकून दाखवली, आत काही राहिलं नाही म्हणून. मग त्या आईपुढे हात जोडले.

"सॉरी. व्हेरी सॉरी. स्मॉल गर्ल."

ती बाई गोंधळली. काहीतरी विचारलं. त्यात एक शब्द मला कळला. "शुअर?"

हा मला येतो. "शुअर," मी म्हणालो. "शुअर, शुअर."

तिनं आणखी काही विचारलं. मी परत शुअर म्हणालो. ती हसली, थँक्यू म्हणाली. तो मुलगा तर नाचायलाच लागला. कसा नाचणार नाही? हरवलेलं जनावर परत मिळालं होतं.

"ईरा, सॉरी म्हण त्यांना."

ईरा नुसती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी, पण आवाज नाही. घरी येईपर्यंत माझं बोट धरलं नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा माझ्या कोटाची बाही धरली. फक्त बाही.

घरी आल्यावर मी कोट काढला आणि हिला म्हणालो, "आज एक चोरी जागेवर पकडली."

ही बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. "कुणी केली?"

"तुझ्या नातीनं."

"अगंबाई! काय चोरलं?"

"अस्वल. मुद्देमालासकट."

ही हसायला लागली. मी सगळं सांगितलं तशी हसायची थांबली. "अहो, पण विचारायचं तरी कुणाला. पोरगी बघा कशी बसलीय."

ईरा सोफ्याच्या मागे जाऊन बसली होती. जेव म्हटलं, नाही. दूध घे म्हटलं, नाही. नाही म्हणजे मानेनं. घरातसुद्धा तिनं बोलणं बंद केलं होतं! म्हटलं, होईल ठीक. शिस्त लागताना असं होतंच.

संध्याकाळी सूनबाई ड्युटीवरून आली. अंगावर कोट, एका हातात केकचा डबा, दुसऱ्या हातात फुगा. दारातूनच ओरडली, "ईरू! कुठे आहे आपला गेस्ट?"

ईरा सोफ्यामागून बाहेर आली नाही.

"आई, टोबी कुठे आहे?"

ही माझ्याकडे बघायला लागली.

"तुला टोबी कसा माहीत?" मी विचारलं.

"बाबा, शाळेचा मेसेज आला ना सकाळी! तो क्लासचा टेडी आहे. दर शुक्रवारी एका मुलाकडे वीकेंडला राहायला जातो. सोमवारी ते मूल कार्पेटवर सगळ्यांसमोर बसून सांगतं, टोबीनं काय काय केलं. मिस इतके दिवस थांबल्या होत्या. त्यांनी ईराला विचारलं, तू नेशील का, सांगशील का सोमवारी? आणि ती हो म्हणाली! मानेनंच, पण हो म्हणाली, बाबा. पहिल्यांदा!" मग थांबली. "कुठे आहे तो?"

मी सांगितलं. दुसरं काय करणार?

सूनबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. जिन्याच्या पायरीवर बसली, कोट न काढता. फुगा वर छताला जाऊन चिकटला.

तेवढ्यात महेश आला. त्यालाही सगळं कळलं.

"बाबा, मिसनी तुम्हाला सांगितलं ना दारात?"

"सांगितलं."

"आणि तुम्ही येस म्हणालात?"

"म्हणालो."

"काय सांगितलं ते कळलं होतं?"

"आवाज कळला होता," मी म्हणालो. "काळजीचा नव्हता. म्हणून येस म्हणालो."

"बाबा!" सूनबाई पायरीवरून म्हणाली.

"आणि ती दुसरी बाई? तिला काय म्हणालात?" महेशनं विचारलं.

"शुअर."

महेशनं कपाळाला हात लावला. "म्हणजे तिला वाटलं, आपल्याला टोबी नको आहे. वीकेंडला तुम्हीच ठेवा, असं तुम्ही सांगितलंत."

ही बाळाला थोपटत म्हणाली, "जन्मभर लोकांचे डबे उघडून बघितले. एकदा स्वतःचं डोकं उघडून बघितलं असतं तर!"

मी बूट घालायला लागलो.

"आता कुठे निघालात?"

"अस्वल आणायला."

"कुठून आणणार? बाईचं नाव माहीत नाही, घर माहीत नाही!"

खरं होतं. बूट काढले. पण निश्चय काढला नाही.

सूनबाईनं ईराला जवळ घेतलं. पोरीनं आईच्या कानात त्या मुलाचं नाव सांगितलं. ऑली. मला ऐकू जाऊ नये म्हणून हात आडवा धरून सांगितलं! सूनबाईनं आयांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. हसणारी तोंडं भरपूर आली, पत्ता एकही नाही. ऑलीची आई ग्रुपवरच नव्हती. शाळा आता सोमवारीच उघडणार.

मी डोळे मिटून बसलो. हिला वाटलं, झोपलो. झोपलो नव्हतो. गेटवरच्या माणसाला बाकी काही येत नसेल, पण समोरून गेलेला माणूस त्याला परत दिसतो. तो मुलगा डोळ्यांपुढे आणला. लाल केस. गुडघ्याला खरचटलेलं. आईचा कोट काळा. बाबागाडीच्या दांडीला काय लटकत होतं? बूट! लहान बूट, खाली खिळ्यांसारखे दाणे असलेले, मातीनं भरलेले.

"महेश, असले बूट कशाला लागतात?"

"फुटबॉलला." मग तो उठून बसला. "बाबा, शनिवारी सकाळी पार्कात लहान मुलांचं फुटबॉल असतं!"

"मग सकाळी जाऊ."

सकाळी सूनबाईला ड्युटी होती. बाळाला ताप आलेला, म्हणून महेश घरी थांबला. मी निघालो. दारात ईरा उभी. कोट घालून, बटणं लावून. बोलली नाही. माझी बाही धरली.

मैदानावर पोरंच पोरं. सगळी चिखलात. कडेला घडीच्या खुर्च्या टाकून आईबाप बसलेले. थंडी अशी की दात वाजत होते. टोप्या घातलेल्या पोरांत लाल केस कसे शोधणार? मी पहिल्याच माणसाकडे गेलो. इंग्रजी बोलणं भाग होतं. बोललो.

"बॉय. आय वाँट बॉय. रेड बॉय."

तो माणूस उठून उभा राहिला. मी म्हटलं, मान देतोय. शेजारच्या बाईकडे वळलो. "रेड बॉय? स्मॉल? आय टेक." टोबी घेऊन जायचा आहे हे कळावं म्हणून हातांनी मिठी मारून, पिशवीत भरून दाखवलं.

त्या बाईनं आपला मुलगा हाक मारून जवळ बोलावला. त्याचे केस तर काळे होते! मग आणखी एकीनं बोलावला. बघता बघता खुर्च्यांवरची माणसं उठली. पिवळं जाकीट घातलेला शिकवणारा माणूस शिट्टी वाजवत माझ्याकडे आला. उंच होता. समोर उभा राहून हळू आवाजात काही विचारायला लागला. एक हात खिशातल्या फोनकडे.

हा आवाज मला पूर्ण कळला. हा मी स्वतः जन्मभर काढला आहे. हा संशयिताशी बोलायचा आवाज!

अहो, या परमुलखात मला पोलिसांत दिलं, तर सूनबाईच्या नोकरीचं काय? महेशचं काय? म्हातारा मुलं पळवायला आला होता म्हणून सगळ्यांनाच परत पाठवतील की! मी येस म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं. पण कशाला येस म्हणतोय हेच माहीत नव्हतं. म्हणून पहिल्यांदा गप्प बसलो.

आणि तेव्हा माझी बाही सुटली.

ईरा पुढे झाली. त्या उंच माणसाच्या आणि माझ्या मधे उभी राहिली. कमरेवर हात ठेवले आणि बोलायला लागली. इंग्रजीत! मोठ्यानं! खणखणीत! अख्खं मैदान ऐकेल अशी.

मला त्यातलं "आजोबा" कळलं आणि "टोबी" कळलं. बाकीचं नंतर कळलं. ती असं म्हणाली होती, "हे माझे आजोबा आहेत. हे पोरं पळवत नाहीत. यांनी टोबीला देऊन टाकलं. यांना वाटलं मी चोर आहे. हे खूप म्हातारे आहेत आणि यांना काहीच कळत नाही, पण सगळ्यांना येस म्हणतात. मला ऑली पाहिजे. टोबी त्याच्याकडे आहे."

त्या क्षणी हे शब्द मला माहीत नव्हते. मी आपला अभिमानानं सगळ्यांकडे बघत होतो. "बोल, ईरा! अजून बोल!" म्हणत होतो. आणि ती अजून बोलली! तो गोंड्याचा प्रकारसुद्धा सांगितला म्हणे. खुर्च्यांवरची माणसं हसायला लागली. उंच माणूस खाली बसून तिच्याशी बोलायला लागला. मी तिचा हात हलवून विचारलं, "काय म्हणतात?" तर माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, "आजोबा, मधे बोलू नका."

तिथेच वाऱ्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं.

ऑलीची आई मैदानाच्या पलीकडच्या कडेला होती. टोबी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता, पायजमा घालून. सगळं ऐकल्यावर ती बाई इतकी हसली की कॉफी सांडली. अस्वल लगेच उचलून ईराला द्यायला लागली. पण ऑली! ऑलीनं चिखलात बसकण मारली आणि भोकाड पसरलं. बोट माझ्याकडे करून ओरडत होता.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, तुमचे आजोबा शुअर म्हणाले होते," ईरा म्हणाली.

बरोबर होतं त्याचं. दिलेला शब्द म्हणजे शब्द. आता काय करायचं? अस्वल घेतलं तर हे पोर रडतं, ठेवलं तर आमचं. मी विचार केला आणि म्हणालो, "ईरा, त्यांना सांग. ऑलीला टोबीसकट आपल्या घरी घेऊन चला. पोहे खायला."

ईरानं सांगितलं. ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "शुअर?"

मी ईराकडे बघितलं. तिनं मान हलवली. मग मी शुअर म्हणालो.

या देशात आमच्या घरी आलेले ते पहिले पाहुणे. हिनं पोहे टाकले. महेश स्वयंपाकघरात धावला, "आई, शेंगदाणे घालू नको! आधी विचारू दे!" इथे पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी शेंगदाणा चालतो का विचारतात. चालत होता. ऑलीनं पोह्यांतले सगळे शेंगदाणे वेचून खाल्ले आणि पोहे तसेच ठेवले. टोबीला हिनं बाळाच्या दुपट्यात गुंडाळून शेजारी निजवलं. ईरा आणि ऑली सोफ्यामागे जाऊन इतकं बोलत होती की महेशनं टीव्ही बंद केला. सूनबाई ड्युटीवरून आली, तर दारातच उभी राहून ऐकत राहिली. या वेळीही कोट काढला नाही, पण ते वेगळं.

"ईरू, सोमवारी सांगशील ना हे सगळं कार्पेटवर?" तिनं विचारलं.

"हो."

"काय सांगशील?"

"सगळं," ईरा म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं.

मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

सोमवारी शाळा सुटायच्या वेळी सूनबाई मुद्दाम माझ्याबरोबर आली. मिस दारात आल्या त्या रुमालानं डोळे पुसतच. मी म्हटलं, झालं! पण त्या हसत होत्या. सूनबाईला म्हणाल्या, ईरा बोलली. इतकी बोलली की गणिताचा तास गेला. पोहे नाही सांगितले. दुपटं नाही सांगितलं. सगळा वेळ एकच गोष्ट, आजोबांनी टोबीला कसं पकडलं, आणि आजोबांना लोकांनी कसं पकडलं. पोरांनी परत परत सांगायला लावली. शेजारच्या वर्गातल्या मिससुद्धा ऐकायला येऊन बसल्या.

सूनबाईनं माझा हात धरला. घरी जाताना वाटेत थांबून म्हणाली, "बाबा, आपण इथेच राहू." मी म्हणालो, "मी कुठे जा म्हणत होतो?"

इथे थांबलो असतो तर मान राहिला असता माझा. पण ऐका.

पुढच्या आठवड्यात शाळेनं सगळ्या पालकांना कळवलं की यापुढे टोबी फक्त आईच्या किंवा वडिलांच्या हातात दिला जाईल. आजी-आजोबांच्या हातात नाही. कारण दिलं नव्हतं. कारण सगळ्या पोरांनी घरोघर आधीच दिलं होतं.

आता त्या शाळेत पोरं न्यायला येतं कोण? निम्मे आम्हीच! गुजराती दादा, पंजाबी नाना, सगळे म्हातारे. आईबाप कामावर. शुक्रवारी ज्याच्या नातवाचा नंबर, त्याच्या बापाला अर्धी रजा टाकून यावं लागतं. एका अस्वलासाठी!

परवा बेलग्रेव्ह रोडवर भाजी घेत होतो. एक गुजराती काका, गळ्याभोवती मफलर, माझ्याकडे बराच वेळ बघत होते. मग जवळ आले. गल्ल्यावरचा पोरगाही कान देऊन ऐकायला लागला.

"भाईसाब," काका म्हणाले, "वो भालूवाले दादा आप ही हैं क्या?"

मी ताठ उभा राहिलो आणि मान हलवली. येस म्हणालो.

या वेळी प्रश्न कळला होता.